अर्थ संध्याकाळी

३ नोव्हेंबर

वाचनालयाच्या खोलीचं कुलूप काढलं आणि आत सिमेंट! पोती छताला लागलेली. टेबलावर पोती, खिडकीत पोती, शब्दकोशांच्या कपाटापुढे तर अशी दाटीनं उभी की जणू तीच सभासद आहेत आणि मीच उशिरा आले. मी उंबऱ्यातच थांबले. ग्रामपंचायतीचा शिपाई मागून म्हणाला, "काकीचा हुकूम हाय बाई. नालीचं काम निंगालं. अवकाळीनं सिमेट भिजन म्हून अथी लावलं."

"आणि पुस्तकं?"

"पुस्तकं कायले भिजतात? ते तं कपाटात हायत."

काकी म्हणजे आमच्या सरपंच मंजुळाबाई. साऱ्या गावाच्या काकी, आणि माझ्या खरोखरच्या. निवृत्तीच्या चुलत काकू, म्हणजे माझ्या चुलतसासू. (डायरीत मी नवऱ्याचं नाव घेते. घरात 'अहो' चालतं तेवढं पुरे.) मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते आणि गावातले शहाणे लोक माझ्या जिभेला टरकून असतात. पण काकींपुढे डोक्यावर पदर आणि तोंडात 'हो काकी' यापलीकडे लग्नापासून माझं एकही वाक्य पूर्ण झालेलं नाही.

ही खोली म्हणजे आमच्या दीडफुटी मंडळाची जागा. इंग्रजीत 'सेस्क्विपेडॅलियन' असा एक शब्द आहे. लांबच लांब शब्दांचा षोक असलेला माणूस. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दीड फुटाचा. म्हणून दीडफुटी मंडळ. गाव आम्हाला दीडशहाणे मंडळ म्हणतं. सभासद तीन: मी, पोस्टात काम करणारी राखी, आणि मेडिकलवाला कुलदीप, जो डॉक्टरांचं अक्षर वाचतो आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याच शब्दाला भीत नाही. दर रविवारी अक्षरांच्या सोंगट्या मांडायच्या. ज्याचा शब्द लांब, त्याचा डाव. मात्र नियम एक. अर्थ सांगता आला पाहिजे, नाहीतर शब्द बाद.

बाहेर बसस्टँडकडच्या भिंतीवर आमचा फळा आहे. सकाळी शब्द लिहायचा आणि खाली 'अर्थ संध्याकाळी'. मग दिवसभर गाव अंदाज बांधतं. 'डिफेनेस्ट्रेशन' लिहिलं, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. गावानं अर्थ लावला, फिनेल टाकून घर धुणं. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' लिहिलं, म्हणजे एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवायची सवय. कुलदीप छातीवर हात ठेवून म्हणाला, "अँटिबायोटिक हाय बाई. जेवल्यावर एक."

आज त्याच सवयीचा अर्थ सिमेंटात बघितला. घरी येऊन पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, कोश उघडला. तोंडावर बोलता येत नाही, ठीक. फळ्यावर येतं. उद्याचा शब्द ठरला.

४ नोव्हेंबर

आज अक्षराकडे बघू नये.

शब्द होता 'काकिस्टोक्रसी'. ग्रीकातून आलेला. अत्यंत नालायक माणसांनी चालवलेलं राज्य. बेत साधा होता. दिवसभर कोणाला कळणार नाही, संध्याकाळी मी अर्थ लिहीन, ज्याला हसायचं तो गालात हसेल, आणि अर्थाखाली कोणाचं नाव नसल्यामुळे घरात पदर जागच्या जागी राहील. कोशातला उच्चार 'कॅकिस्टॉक्रसी' असा आहे, तोच माझ्या डोक्यात. त्यामुळे मी शपथेवर लिहिते, खडूनं के-ए-के-आय काढताना त्यात 'काकी' आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एम.ए. झालेल्या बाईच्या!

सोनाळ्याच्या बसची वाट बघणारे आधी वाचायला लागले. "काकी... काकी... अबे, काकीचं नाव हाय!" मग गर्दी. कुलदीपनं दुकान टाकून धाव घेतली आणि मीच वर्गात शिकवलेली फोड माझ्यासमोर करून दाखवली.

"डेमो म्हंजे लोक. डेमोक्रसी म्हंजे लोकायचं राज्य. मंग काकिस्टोक्रसी म्हंजे?"

"काकीचं राज्य!" अख्खा स्टँड ओरडला.

मी खडू हातात धरून भिंतीला टेकले. तेवढ्यात काकीच आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा, मागे चार माणसं. फळ्यापुढे उभ्या राहिल्या. कोणीतरी वाचून दाखवलं. "म्हंजे इंग्रजायले बी ठाऊक होती काय काकी?" गर्दीतून एक जण म्हणाला, आणि हशा पिकला. काकी हसल्या नाहीत. चष्म्यातून त्या कुठं बघतात ते कळत नाही.

"वंदना, तुवा लिवला?"

"हो काकी."

"माह्यासाठी?"

"हो काकी."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. लग्नात फिरवला होता, त्यानंतर आजच.

संध्याकाळी फळ्यापुढे एवढी माणसं की अर्थ ऐकायला आली आहेत की आरतीला, कळेना. पुढे इंद्रभान उभा. परवापर्यंत काकींचा उपसरपंच, पाच वर्षं त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलेला. तिकीट... म्हणजे काकींचा आशीर्वाद मिळाला नाही म्हणून महिन्यापूर्वी फुटला आणि आता सरपंचपदाला त्यांच्याविरुद्ध उभा. मी 'अर्थ' असं लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली. आणि पुढे माझ्या हातानं लिहिलं, 'आपण सर्वांनी ओळखलाच आहे.'

टाळ्या पडल्या. इंद्रभाननं फळ्याचा फोटो काढून घेतला.

यालासुद्धा इंग्रजीत शब्द आहे, 'टर्जिव्हर्सेशन'. गोष्टीकडे पाठ फिरवून गोल गोल बोलणं. फळ्यावर कधी लिहिणार नाही.

६ नोव्हेंबर

शाळेतून येताना काकींच्या ओट्यावर राखी दिसली. मोबाईल काकींच्या कानाला लावून बसली होती. मोबाईलमधली बाई इंग्रजीत काहीतरी पुन्हा पुन्हा बोलत होती. पोस्टाची नवी योजना असणार. मला पाहून राखीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बिचारी, सरपंचाच्या घरी बसायची सवय नाही.

काकींनी काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी पदर सारखा करून पुढे निघाले. ऑपरेशन नीट झालेलं दिसत नाही. निवृत्तीला म्हटलं, अकोल्याला दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तो म्हणाला, "काकीले बराबर दिसते." यांना घरच्या माणसांच्या प्रकृतीची काळजीच नाही.

८ नोव्हेंबर

आज मला चौकात चक्कर आली. लिहून ठेवते, म्हणजे उद्या खोटं वाटायला नको.

फ्लेक्स. पिंपळापासून मेडिकलपर्यंत. काकी हात जोडून, पाठीमागे उगवता सूर्य, आणि वर पिवळ्या अक्षरांत, 'पुन्हा एकदा काकिस्टोक्रसी!' खाली, 'पाच वर्षे विकासाची, काकिस्टोक्रसीच्या विश्वासाची.' म्हणजे अत्यंत नालायकांच्या राज्यावर विश्वास ठेवा, अशी विनंती स्वतः उमेदवार हात जोडून करते आहे. जन्मभर मी उपहास केला, पण असा मला जमला नसता.

इथवर ठीक होतं. शुभेच्छुकांमध्ये पहिलं नाव माझं! 'सौ. वंदनाताई, एम.ए. इंग्रजी, बी.एड.' पदव्या अगदी ठळक. फोटोसुद्धा आहे, निवृत्तीच्या भाचीच्या लग्नातला, नथ घातलेला.

कुलदीप म्हणाला, "काकीनं सोता सांगतलं खामगावच्या छपाईवाल्याले, बाईच्या डिगऱ्या सोडू नको म्हने."

आता सरळ हिशेब आहे. मतदान पुढच्या महिन्यात. तोवर कोणी एकानं कोश उघडला, की काकी पडल्या. आणि काकी पडल्या तर गावात हसं त्यांचं होईल, पण घरात माझं काय होईल ते मला कल्पनेतसुद्धा बघवत नाही. निवृत्ती ज्या घरात वाढला, ज्यांच्या हातचं खाऊन मोठा झाला, त्यांना मी नालायक म्हटलं, तेही सजवून, नथ घालून.

त्याला रात्रीच्या जेवणाला बसल्यावर सगळं सांगितलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग एवढंच बोलला, "जाय अन् सांग काकीले."

"काय सांगू?"

"हेच. राग आल्ता म्हनाव."

पुरुषांना सासरी राहायला लागत नाही, म्हणून त्यांना असले उपाय सुचतात.

११ नोव्हेंबर

खोली रिकामी! सिमेंट गेलं. झाडून घेतलेली, टेबल पुसलेलं, वर नवी ट्यूबलाइट. शिपाई म्हणाला, "काकी म्हने, बाईचं तिथी मन लागते, काऊन बंद केली. मलेच बोलल्या."

चुकीच्या अर्थाच्या एका शब्दानं जे मिळवलं, ते खऱ्या अर्थाच्या दहा अर्जांना मिळालं नसतं. खुशामतीवर मी आजवर एवढं टाकून बोलले. आता जरा विचार करावा लागेल. राखीला म्हटलं, "बघ, काय ताकद असते शब्दात." ती म्हणाली, "हो बाई. समजून घेनाऱ्यात बी असते." पोस्टात बसून पोरी कोड्यात बोलायला लागतात.

१६ नोव्हेंबर

काकींनी जेवायला बोलावलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. बायकाच होतो. जेवण झाल्यावर त्यांनी बाकीच्यांना भांड्यांकडे पिटाळलं आणि मला जवळ बसवलं.

"त्या शब्दाचा अर्थ लोकं म्हंतात तोच हाय ना व?"

"हो काकी. तसाच काहीसा."

"तसाच काहीसा म्हंजे कसा?"

मला ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पाठीवर हात फिरवला.

"सिमेट ठेवलं तं राग आल्ता काय तुले?"

"नाही हो काकी! गावाचं काम आहे."

"तू मले कधीच काही म्हनत नाही व वंदना. हो काकी, हो काकी. आता घरातलंच मानूस तोंडावर बोलत नसन, तं बाहेरचं कोन सांगन मले काय चुकून राह्यलं ते?"

माझ्या मर्यादशील वागण्याचं असं उघड कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं. मी खाली मान घातली. त्या थोडा वेळ थांबल्या, जणू मी काही बोलणार आहे. मग म्हणाल्या, "कॅकिस्टॉक्रसी. चांगला शब्द हाय," आणि उठल्या.

'कॅ'. कवळी नवीन आहे त्यांची, 'का' नीट उमटत नाही.

२४ नोव्हेंबर

शब्द हाताबाहेर गेला. प्रचाराच्या ऑटोवर भोंगा आहे आणि भोंग्यात कुलदीप: "येऊन येऊन येनार कोन? काकिस्टोक्रसीशिवाय हायच कोन!" माझ्या सहावीच्या पोरांनी निबंधात लिहिलं, भारतात डेमोक्रसी आहे व आमच्या गावात काकिस्टोक्रसी आहे. स्पेलिंग सगळ्यांचं बरोबर. 'बिकॉज' आजही चुकतं.

शेजारच्या गावचा एक उमेदवार घरी आला. बरोबर पेढे. म्हणे, "बाई, आमच्या गावात मले मामा म्हंतात. मामावर काही निंघते काय इंग्रजीत? लांब पायजे मात्र." मी नाही म्हटलं. तो पेढे परत घेऊन गेला.

रविवारी डावात राखीनं 'प्युसिलॅनिमस' जुळवला. नियमाप्रमाणे अर्थ विचारला. "भित्र्या काळजाचा," ती म्हणाली आणि सोंगट्यांकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाली. गुण तिला दिले. खेळताना नजर पटावर असावी, हे सांगायचं राहिलं.

५ डिसेंबर

इंद्रभान आला होता. निवृत्ती संत्र्याच्या बगीच्यात, मी एकटी. चपला काढून पाटावर बसला, म्हणजे काम मोठं असणार.

"वहिनी, पुतन्या पुन्याले हाय माहा. काँप्युटरात. त्याले फोटो धाडला व्हता फळ्याचा." त्यानं आवाज खाली आणला. "नालायकायचं राज्य. हाव ना?"

माझ्या हातातून कपबशी सुटली. कप वाचला, बशी गेली.

"भिऊ नका. तुमी मुद्दाम लिवलं, हे मले समजलं. लय हिंमतीची बाई, सलाम हाय आपला! परवा पारावर सगळ्या उमेदवारायची सभा हाय. मी अर्थ वाचतो, तुमी फकस्त उठून म्हना, हाव, म्या लिवला. लायब्रीले दोनमजली बिल्डिंग देतो. वर तुमचं मंडळ, खाली तुमचंच मंडळ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी वाचतोच."

तो गेल्यावर बशीचे तुकडे गोळा करत बसले. दोनमजली इमारतीचा विचार मनात आला नाही, असं इथं लिहिणार होते. पण डायरीशी खोटं बोलायचं तर फळा काय वाईट. आला. शब्दकोशांना स्वतंत्र खोली, पूर्वेची खिडकी, असा आला. मग नथ घातलेला माझा फोटो डोळ्यांपुढे आला आणि इमारत पडली.

६ डिसेंबर

आज गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. वाटेत वाक्य पाठ केलं, 'काकी, त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे आणि तो मला ठाऊक होता.' एवढंच. मुलांना यापेक्षा लांब वाक्य मी पाठ करायला लावते.

काकी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मीही बसले सोलायला.

"इंद्रभान आल्ता म्हने तुह्याकडं."

"हो काकी."

"काय म्हने?"

"काही नाही. चहा घेतला."

"चहा घेतला." त्यांनी दाणे टोपलीत टाकले. "अजून?"

माझं पाठ केलेलं वाक्य जिभेपर्यंत आलं. खरंच आलं. पण त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "दाणे यंदा चांगले भरलेत."

काकींनी टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, "उद्या तो अर्थ इचारीन सभेत. मी माइक तुह्या हातात देईन. खरं काय ते सांगजो. माह्यासाठी खोटं बोलू नको बाई. त्याच्यासाठीचं उत्तर माह्याकडं तयार हाय."

मी अवाक झाले. म्हणजे काकींना पूर्ण भरवसा, की मी त्यांच्याच बाजूनं बोलणार! निवडणुकीत 'खरं सांग' याचा अर्थ 'आपलं सांग' असाच असतो, एवढं गावात राहून मलाही कळतं. अशा विश्वासाला तडा कसा देऊ?

निवृत्तीनं विचारलं, "सांगतलं?" मी म्हटलं, सांगण्यासारखं वातावरण नव्हतं.

७ डिसेंबर

मी हे केलं, यावर माझाच विश्वास बसत नाही.

मारुतीच्या पारावर माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. इंद्रभान उठला, मोबाईल उंच धरला. "गाववाल्यायनो! ज्या शब्दावर तुमी नाचून राह्यले, त्याचा अर्थ ऐका. अत्यंत नालायक लोकायनं चालवलेलं राज्य! हे मी नाही म्हनत, डिक्शनरी म्हनते. अन् लिवला कोनं? त्यायच्याच सुनेनं!"

भोंग्यातली घरघर तेवढी चालू. मग मागच्या पोरांत एक हसू फुटलं, दुसरं फुटलं. शेकडो माना माझ्याकडे वळल्या. निवृत्ती एका कडेला उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले. काकी मात्र शांत बसल्या होत्या. चष्मा नव्हता. त्या उठल्या, चालत आल्या आणि माइक माझ्या हातात दिला.

"सांग पोरी. खरं."

समोर पहिल्या रांगेत राखी. तिच्या शेजारी कुलदीप. मी घसा खाकरला. 'अत्यंत' हा शब्द ओठांवर तयार होता, त्याचा 'अ'सुद्धा माइकमध्ये गेला.

"अ... अर्थ काढणं हे ज्याच्या त्याच्या अभ्यासावर असतं," मी म्हटलं. आणि मग कोण बोलत होतं देव जाणे, पण आवाज माझा होता. "ग्रीक भाषेत काकी म्हणजे मायेनं सांभाळणारी वडीलधारी बाई. तिनं चालवलेलं राज्य, ते काकिस्टोक्रसी. मी एम.ए. आहे. मोबाईलवर काहीही येतं."

पार हादरला. शिट्ट्या, टोप्या वर. "पुन्याचं इंग्रजी पुन्यातच ठेव बे इंद्रभान!" कोणीतरी त्याच्या मोबाईलला हात घातला. तो ओरडत होता, "अबे डिक्शनरी पाहा, डिक्शनरी!" पण गावात डिक्शनरी एकच आणि ती माझ्या कपाटात.

काकी बोलायला अर्ध्या उठल्या होत्या, तोंड उघडं. तशाच खाली बसल्या. आनंदानं शब्द फुटेना त्यांना. भाषण केलंच नाही, नुसते हात जोडले.

घरी येताना कुलदीपनं सांगितलं, काकींनी जे उत्तर तयार ठेवलं होतं ते त्याला आधीच ऐकवलं होतं. 'नालायकायचं राज्य व्हतं तं पाच वर्षं उपसरपंच कोन व्हता, इंद्रभान? अर्धं राज्य तं तुहंच व्हतं.' वाक्य बरं आहे. वाया गेलं. नालायकांचा विषय निघणार हे त्यांना आधीपासून कसं सुचलं, कळत नाही. हजरजबाबी आहेत. कुलदीप माझ्या डोळ्यांत बघत नव्हता, घसा बसला होता त्याचा.

राखी वाटेत भेटली. "बाई, मंडळाचा नियम काय हाय?"

"कुठला?"

"अर्थ चुकला तं शब्द बाद."

खेळ वेगळा आणि आयुष्य वेगळं, एवढं या पोरींना कधी कळणार! मी एक निवडणूक वाचवली, एक घर वाचवलं. निवृत्ती जेवला नाही. म्हणाला, भूक नाही. गर्दीत उभं राहून पित्त झालं असेल.

९ डिसेंबर

मतदान झालं. राखी रविवारी आली नव्हती. आज विचारलं तर म्हणाली, पोस्टात काम वाढलं. कुलदीपच्या दुकानात माल यायचा होता. एकटीनं पट मांडला आणि पहिल्याच हाताला सात चांगली अक्षरं आली. खेळायला कोणी नाही म्हणून परत पिशवीत टाकली.

११ डिसेंबर

काकी निवडून आल्या! तहसीलमधून फोन आला तेव्हा मी वर्गात होते, पोरांनी बाकं वाजवली. गावात शिरेपर्यंत गुलालाचा ढग. काकी उघड्या जीपमध्ये उभ्या, गळ्यात झेंडू, लोक ओरडतायत 'काकिस्टोक्रसी झिंदाबाद'. मी गर्दीत मागेच होते. त्यांनी मला पाहिलं, जीप थांबवली, हात धरून वर घेतलं आणि सगळ्यांपुढे स्वतःच्या बाजूला बसवलं.

"आजपासून माहे सगळे कागद हे पाह्यन," काकी म्हणाल्या. "भाषन, ठराव, बोर्डावरचं लिवनं, सगळं. सल्लागार."

मला धक्काच बसला. वाजंत्रीत ऐकू जाईना म्हणून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "काकी, एवढा मान? एवढी जाणती माणसं सोडून मला?"

त्या समोर गर्दीकडे बघून हात हलवत होत्या. ओठ जेमतेम हलले. "पाच वर्षं मी तुहीच वाट पाह्यली व. इंद्रभान गेल्यावर या कॅकिस्टॉक्रसीत एक खुर्ची खाली झाल्ती. त्या दिवशी पारावर भरली."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "मी त्या खुर्चीला शोभेन ना?"

"तुह्या मापाचीच हाय," काकी म्हणाल्या.

काकींना कोणाचं एवढं कौतुक करताना मी आजवर ऐकलेलं नाही.